गंजीफ्रॉकचं मूळ गाव

गेले पाच-सहा वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, "काय रे, लग्न-बिग्न ठरलं की काय?" तसलं काही नाही. मी विणत होतो. हो, विणतच. दोन सुया, एक गुंडा, उलट-सुलट वगैरे. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

झालं असं की मे महिन्यात ताई पुण्याहून आमच्याकडे गोखिवऱ्याला येते, सोबत साडेचार वर्षांची भाची. भाचीला वसई म्हणजे फक्त समुद्र. आता आमचं गोखिवरं पडतं पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला, आणि समुद्र तिकडे पश्चिमेला. म्हणजे ओल्या कॉश्च्यूममधलं, अंगभर वाळू लागलेलं पोर टॉवेलात गुंडाळून रिक्षानं पूर्ण वसई ओलांडायची. गेल्या वर्षी टॉवेल तीनदा सुटला, वारा लागला, रडारड झाली. या वर्षी ताई म्हणाली, कॉश्च्यूमवरून पटकन डोक्यातून घालता येईल असं काहीतरी सैलसर घ्यायला हवं. दुकानात मिळालं ते सगळं नायलॉनचं. मे महिन्यात, वसईच्या दमट हवेत, नायलॉन!

आई म्हणाली, "सुती दोऱ्याचं विणून टाकू की." पण आईची बोटं हल्ली आखडतात, अर्ध्या तासावर सुया धरवत नाहीत. मग तीच म्हणाली, "मी सांगते, तू विण. एवढं कॉम्प्युटरचं शिकलास, हे काय अवघड आहे?"

अवघड आहे हो. पण ते नंतर.

तिसऱ्या आठवड्यात पाठीचा भाग पूर्ण झाला. मी तो खुर्चीच्या पाठीवर टाकून लांबून बघत होतो (पहिलं प्रोग्रॅम चाललं होतं तेव्हा असाच बघत बसलो होतो). बाबा पेपर बाजूला ठेवून आले, कापड दोन बोटांत धरून आडवं ताणलं, सोडलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर गंजी झाली." आणि पुन्हा पेपर.

बाबांना तसं म्हणायचा अधिकार आहे. ते गोखिवऱ्यातल्याच एका गाळ्यात जवळजवळ वीस वर्षं होजिअरीच्या मशिनवर होते. गोल मशिन, त्यातून बनियनचं कापड नळीसारखं खाली उतरायचं. मी शाळेत असताना तो गाळा बंद पडला, मशिनं भंगारात गेली आणि बाबा दुसरीकडे प्लास्टिकच्या कामाला लागले. त्यानंतर त्या मशिनचा विषय घरात फारसा निघाला नाही. त्यामुळे 'गंजी' हा शब्द त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकला! आणि डोक्यात किडा वळवळला: गंजी म्हणजे काय? गंजीफ्रॉक का? बनियनला 'फ्रॉक' कोण म्हणेल?

तर मंडळी, गंजी म्हणजे गर्न्सी. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत दोन बेटं आहेत, एक गर्न्सी आणि दुसरं जर्सी. हो, तीच जर्सी, सचिनची १० नंबरची वगैरे. म्हणजे आपण अंगात घालतो त्यातल्या दोन कपड्यांची नावं शेजारशेजारच्या दोन चिमुकल्या बेटांवरून आली आहेत. आणि दोन्ही बेटांचा जुना धंदा एकच, विणकाम. सोळाव्या शतकात तिथले हातानं विणलेले लोकरीचे मोजे युरोपभर विकले जायचे. घरातलं प्रत्येक माणूस विणायचं. इतकं की १६०८ साली जर्सी बेटावर कायदाच करावा लागला: सुगीच्या आणि समुद्रशेवाळ गोळा करायच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्या कुणीही, बाई असो वा पुरुष, विणत बसायचं नाही. सापडलात तर तुरुंग आणि नुसता पाव-पाणी. माझ्या सुया बघून "काय रे, बायकांची कामं?" असं विचारणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकांना मी हा कायदा ऐकवला. त्यांना फारसा पटला नाही.

या गर्न्सीचा अंगरखा म्हणजे मच्छीमारांचा आणि खलाशांचा स्वेटर. घट्ट पिळाची लोकर, अगदी गच्च वीण, म्हणजे वारा आणि पाण्याचे तुषार सहज आत जात नाहीत. पुढची आणि मागची बाजू एकसारखी, त्यामुळे अंधारात, हलत्या बोटीत कसाही घाला. कोपर झिजलं की बाजू पालटून घाला. आकार साधा, जवळजवळ चौकोनच. एकोणिसाव्या शतकात तो ब्रिटिश खलाशांच्या अंगावर सर्रास दिसायचा आणि त्याला म्हणत 'गर्न्सी फ्रॉक'. फ्रॉक म्हणजे तेव्हा पुरुषांचा ढगळ अंगरखाही. उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याचाच उच्चार 'गॅन्झी' असा करतात. आपल्याकडे येता येता त्याची झाली गंजी आणि गंजीफ्रॉक. थंड समुद्रावरचा जाड लोकरी स्वेटर इथे आला आणि उकाड्यानं त्याची लोकर गेली, बाह्या गेल्या, जाडी गेली. उरली ती फक्त वीण. नाव मात्र तेच राहिलं.

'बनियन'ची गंमत तर याच्या बरोबर उलटी आहे. तो शब्द इथून गेला. गुजरातचे वाणी, म्हणजे बनिया, इंग्रजांच्या तोंडी 'बॅनियन' झाले. सतराव्या-अठराव्या शतकात लंडनचे शौकीन लोक घरात हिंदुस्थानी छिटाचा एक ढगळ झगा घालून बसायचे, त्याला ते बॅनियन म्हणत. (म्हणजे तोही एक कव्हर-अपच की!) मग हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी हेच नाव अंगातल्या मलमलच्या सदऱ्याला दिलं, पुढे विणलेल्या लवचिक आतल्या कपड्याला. तिथून ते आपल्याकडे परत आलं. एकाच कपड्याला दोन नावं, एक बोटीनं आलेलं आणि दुसरं बोटीनं जाऊन परत आलेलं.

इथे मला एक प्रश्न पडला आणि खरं तर त्याच्यासाठीच हा लेख लिहितोय. कापसाचा देश आपला. आमच्या शेजारचं सोपारा घ्या. नालासोपारा म्हटलं की तुम्हाला लोकलची गर्दी आठवेल, पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात सोपाऱ्याचं बंदर म्हणून नाव आहे. या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्राकडे हजारो वर्षं व्यापार चालला, त्यात सुती कापडही होतं. मग ज्यांच्याकडे एवढं सूत होतं, त्यांनी ते सुयांवर विणून बघितलं नाही? विणकामाचे सगळ्यात जुने खरे नमुने सापडलेत इजिप्तमध्ये, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. आणि ते आहेत कशाचे? सुताचे! निळे-पांढरे सुती मोजे. म्हणजे लोकर ही अटच नव्हती.

उत्तर मला कापडाच्या रचनेत सापडलं. मागावरचं कापड म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे, एकमेकांच्या खालून-वरून. ते ताणलं जात नाही. विणलेलं कापड म्हणजे एकच धागा, त्याचा फास, फासातून दुसरा फास. प्रत्येक फास म्हणजे एक छोटी स्प्रिंग. म्हणून मोजा टाचेवर वळतो आणि बनियन पोटावर बसतं. अंगाबरोबर वाकायचं असेल तर वीण हवी. पण आपला मूळ कपडा अंगाला चिकटून बसणारा नव्हताच. धोतर, लुगडं, उपरणं, पागोटं: सगळं सरळ कापड, न कापता, न शिवता गुंडाळायचं. अंगाला बसवायचं काम कापड करत नाही, नेसणारा करतो. पायात जोडा घरात येत नाही, मग मोजा कशाला? जी अडचणच आली नाही तिच्यावर उपाय कोण शोधणार! आमच्या धंद्यात याला 'रिक्वायरमेंटच नव्हती' म्हणतात.

भाषा बघितली की हे आणखी पटतं. मराठीत साडीही विणतात, खाटही विणतात, कोळी जाळंही विणतात आणि स्वेटरही विणतात. इंग्रजीत या कामांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, आपल्याकडे सगळ्यांना एकच. (जाळं ही तर तिसरीच गोष्ट. त्यात प्रत्येक घराला गाठ असते, एक दोरा तुटला तर पूर्ण जाळं उसवत नाही. विणकामात गाठ नसते, एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी. हे मी अनुभवाने सांगतोय.) म्हणजे सुयांवरचं काम उशिरा आलं आणि जुन्याच शब्दाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिलं. वस्तूंची नावं तर सगळी बाहेरची. मोजा फारसी, स्वेटर-जर्सी-गंजी इंग्रजी, क्रोशा मूळचा फ्रेंच.

आम्ही वसईकर म्हणून मी पोर्तुगीजही शोधले. १५३४ ते १७३९, म्हणजे तब्बल दोनशे पाच वर्षं ते इथे होते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तो भाग सगळ्यांना पाठ असतो, पण त्यांनी मागे ठेवलेले शब्द आपण रोज वापरतो आणि ते आठवतही नाहीत. शर्टाचं काज पोर्तुगीज. केसांची फीत पोर्तुगीज. आजी म्हणायची तो 'तुवाल' पोर्तुगीज. इस्त्रीसुद्धा तिकडचीच मानतात. शिवणकामाची अर्धी पेटी त्यांची, पण विणकामाचा एकही शब्द त्यांच्याकडून आलेला मला सापडला नाही. मोजे त्यांच्या पायात असणारच, पण ते आपल्या घरात शिरले नाहीत.

घरात विणकाम शिरलं ते शाळेतून. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या बायकांनी मुलींच्या शाळा काढल्या. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत उतरली १८२७ साली, म्हणजे फुल्यांच्या शाळेच्या वीस-एकवीस वर्षं आधी. या शाळांत लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला सुईकाम असायचं. त्याचा एक फायदा असा की "पोरगी शाळेत जाऊन काय करणार?" असं विचारणाऱ्या घरच्या मंडळींना हातात काहीतरी दाखवता यायचं. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तिथे शिवण-विणकामाकडे बघायची दृष्टी आणखी वेगळी होती: परक्याच्या तोंडाकडे न बघता बाईला चार पैसे मिळाले पाहिजेत. त्यानंतर 'स्त्री'सारखी मासिकं आली, त्यांतून नमुने आले. आणि मग माझ्या आजीच्या पिढीपर्यंत विणकाम इतकं 'आपलं' झालं की बाळाला टोपरं-स्वेटर-मोजे असा लोकरीचा सेट नसेल तर बाळंतविडा अपुरा. वसईत! जिथे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो! माझा सहा महिन्यांचा असतानाचा फोटो आहे, पिवळी लोकर, लालबुंद तोंड, घाम. आईला म्हटलं, हे काय केलं होतंस? म्हणाली, "सगळे करायचे."

आईनं विणकाम शेजारच्या एका ख्रिस्ती मावशींकडून शिकलं. त्या मूळच्या पश्चिम पट्ट्यातल्या, वाडीत बावखल असलेल्या घरातल्या. (बावखल म्हणजे वाड्यांना पाणी द्यायचं तळं, पूर्वी त्यावर रहाट असायचा. पोरं पोहायला त्यातच शिकायची आणि वर घालायला कव्हर-अप कोण देतंय, उन्हात उभं राहायचं, झालं.) मावशींना क्रोशा शाळेतल्या सिस्टरांनी शिकवला होता. साखळी, मुका खांब, खांब हे शब्द आईच्या तोंडी त्यांचेच. म्हणजे माझ्या हातातला प्रत्येक टाका कुठून कुठून आलाय बघा.

ही झाली आईकडची परंपरा. बाबांकडची वेगळी आहे आणि तिची सुरुवात १५८९ ची. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं त्या साली मोजे विणायचं यंत्र बनवलं. हातानं विणणारा एकावेळी एक टाका घेतो, हे यंत्र पूर्ण ओळ एकदम घ्यायचं. असं सांगतात की एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट नाकारलं, कारण हातानं विणणारी माझी गरीब प्रजा भिकेला लागेल. गोष्ट खरी असो वा रचलेली, पेटंट काही मिळालं नाही आणि ली शेवटी फ्रान्सला गेला. गंमत म्हणजे सव्वादोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, त्याच नॉटिंगहॅम भागात लुडाइट लोकांनी जी यंत्रं फोडली ती लीच्याच यंत्राची वंशज. आणि फोडणारे कोण? त्याच यंत्रांवर पोट भरणारे कामगार. मजुरी पडली, हलका माल निघायला लागला, म्हणून. हे वाचताना मला आमच्या ऑफिसातली हल्लीची एआयवरची मीटिंग आठवली, पण तो विषय इथे नको. वीकेंड आहे.

मग १८४७ मध्ये लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडनं एक सुई काढली. टोकाला आकडा आणि आकड्याला एक इवलीशी झडप. सुई वर गेली की झडप उघडते, धागा घेते. खाली आली की जुना फास झडपेला ढकलून बंद करतो आणि स्वतः वरून निसटतो. सुईच दार उघडते आणि लावते. या सुया वर्तुळात उभ्या केल्या की झालं गोल मशिन. कलकत्ता, लुधियाना, तिरुपूर अशी होजिअरीची गावं वाढली त्यात या सुईचा वाटा मोठा. आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यातही हीच सुई. बाबा सांगत होते (हो, तोपर्यंत ते पेपर ठेवून शेजारी येऊन बसले होते), सुईची झडप वाकली की कापडात उभी रेघ पडते. मशिन चालू असताना ती रेघ नजरेनं पकडायची, थांबवायचं, हजारावर सुयांतली ती एक बदलायची. "आवाजावरनं पण कळायचं," म्हणाले. "रात्रपाळीला दिवे मंद असायचे. मग कानच."

वीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' पुढे मी 'नोकरी' लिहायचो, बास.

आता पोहण्याच्या कपड्यांचं थोडक्यात. तुम्हाला वाटेल, कॉश्च्यूमवर विणलेलं घालायचं म्हणजे दोन वेगळ्या जगांतले कपडे. तर तसं नाही, कॉश्च्यूमही विणलेलाच असतो. अमेरिकेत पोर्टलंडला १९१० मध्ये निघालेल्या एका विणकाम कंपनीकडे वल्हवणाऱ्यांच्या क्लबातल्या एकानं अंगाला बसेल अशी चड्डी मागितली. त्यांनी ती स्वेटरच्या मनगटाला असते तसल्या ताणणाऱ्या विणीत करून दिली. त्यातून लोकरीचे स्विमसूट आले आणि जान्टझेन हे नाव जगभर झालं. भिजल्यावर ते सूट पौंडापौंडानं जड व्हायचे आणि खाली ओघळायचे. पुढे रबराचा धागा आला, नायलॉन आलं, १९५८ मध्ये स्पँडेक्सचा शोध लागला आणि ओघळणं थांबलं. पण आजही भाचीचा गुलाबी, बदक असलेला कॉश्च्यूम भिंगाखाली धरा, फासच फास दिसतील.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी मोजमाप देतो. भाचीची छाती २२ इंच. सैलसर हवं म्हणून २६ धरले, म्हणजे पुढचा आणि मागचा पट्टा १३-१३ इंच. जाडसर सुती दोरा, ६ नंबरच्या सुया, सैल हात. माझे इंचाला ४ टाके बसले, म्हणून ५२ टाके. सगळ्या ओळी सुलट. मध्ये मध्ये एक जाळीची ओळ: पहिला टाका सुलट, मग 'दोरा पुढे, दोन एकत्र' असं शेवटपर्यंत, शेवटचा सुलट. लांबी २० इंच. असे दोन तुकडे. खांद्याला दोन्ही बाजूंनी ३-३ इंच शिवायचे, मधले ७ इंच गळा. बगलेखाली शिवायचं, वर साडेपाच-सहा इंच हातांसाठी मोकळे. संपलं. पुढची-मागची बाजू एकच, कसंही घाला. गर्न्सीच्या खलाशांचंच डिझाइन, फक्त त्यांची वीण पाणी अडवायला गच्च आणि माझी वारा खेळायला विरळ. दोरा सुतीच घ्या, पण आधी एक तुकडा विणून, भिजवून, वाळवून मोजा. सूत लोकरीसारखं परत आखडत नाही, ओलं झालं की लोंबतं. मी हे केलं नाही. वीस इंचाचं बावीस झालं.

आणि आणखी एक घोळ. समोरचा भाग संपत आला तेव्हा लक्षात आलं, खाली बारा-तेरा ओळींवर एक टाका सुटलाय आणि शिडी वरपर्यंत आलीय. ताई दुसऱ्या दिवशी पोचणार होती. आई म्हणाली, उसव तिथपर्यंत. रात्रीचे साडेअकरा. मी उसवायला घेणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब."

कपाटाच्या वरच्या खणात त्यांचा एक जुना डबा असतो, त्यात फ्यूजच्या तारा, कुलपांच्या हरवलेल्या किल्ल्या वगैरे. त्यातून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक सुई काढली. टोकाला आकडा, इवलीशी झडप, मागे पकडायला लाकडाचा तुकडा बसवलेला. चष्मा वर केला, सुटलेला फास आकड्यात घेतला, वरची आडवी दोरी पकडली, ओढलं. टक. झडप बंद. पुढची दोरी. टक. सुलट-सुलट विणीत एक ओळ पुढून आणि एक मागून घ्यावी लागते, त्यासाठी ते दर वेळी कापड पालटत होते, न बघता. दोन-तीन मिनिटांत टाका वर आला आणि त्यांनी तो माझ्या सुईवर चढवून दिला.

"हात घट्ट आहे तुझा," म्हणाले. "पुढच्या वेळी सैल सोड."

सुरुचीला गेलो तेव्हा भरती उतरत होती. भाची पाण्यातून आली, मी तिच्या डोक्यातून ते घातलं, पुढचं मागे झालं आणि कुणाला कळलंही नाही. गुडघ्याखाली दोन इंच लोंबत होतं. रिक्षात ती बाबांच्या मांडीवर बसली आणि जाळीच्या भोकांत बोटं घालून आकडे मोजत राहिली. स्टेशनचा पूल येईपर्यंत झोपली. बाबांच्या शर्टावर ओला डाग पडला होता, आतली गंजी दिसत होती.